निबंध द्यावा की देऊ नये? यावलच्या वर्गात शिरलेला समुद्र

खडू_डस्टर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

मी यावल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. सोळा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात नववीच्या वह्या तपासायला घरी आणल्या. विषय नेहमीचाच, 'पावसाळ्यातील एक दिवस'. ४३ वह्या. पहिल्या वहीत पाऊस आला आणि लाटा खडकांवर आदळू लागल्या, नारळी-पोफळी डोलू लागल्या. म्हटलं, गेला असेल पोरगा मामाकडे अलिबागला. अकराव्या वहीपर्यंत नारळी-पोफळी सात वेळा डोलून झाल्या. आमच्या पोरांनी पाणी पाहिलंय ते तापीचं, नाहीतर धरणाचं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, पोफळ म्हणजे काय ते सांगेल त्याला हे पेन. पेन अजून माझ्याच पर्समध्ये आहे.

आता लाजेची गोष्ट. तो निबंध मीच दिला होता. जूनमध्ये पहिल्या पंधरा दिवसांत मी १५ निबंध उतरवून देते, दरवर्षी. माझी एक जुनी फाईल आहे, तिच्यात कुठल्या कुठल्या गाईडांतून जमवलेले. पालक खूश, मुख्याध्यापक खूश, निकाल चांगला. मीही खूशच होते.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा आहे. त्याच्याही वहीत समुद्र होता, शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुकांसकट. त्याच्याकडे केळी आहे हे मला ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत सहज विचारलं, जूनच्या वादळात तुमच्या वावरात काय झालं रे? एरवी 'हो मॅडम, नाही मॅडम' यापुढे न जाणारा पोरगा दहा मिनिटं बोलत होता. मृगबाग होती, म्हणजे मृगात लावलेली केळी. घड भरलेले, आठ दिवसांत कापणी लागणार, व्यापारी येऊन पाहून गेलेला. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा आईने पत्रा उडू नये म्हणून त्यावर पाटा आणि दोन विटा ठेवल्या होत्या, तरी पत्रा गेला, पाटा अंगणात पडला. सकाळी वावरात गेले तर सगळे खांब कंबरेतून मोडलेले, सगळ्यांची डोकी एकाच बाजूला. तो म्हणाला, "मॅडम, प्रार्थनेला रांगेत उभी असलेली पोरं एकदम चक्कर येऊन पडावी ना, तशी." आणि मग, "बाप ओट्यावर बसेल व्हता. चहा दिला तं कप तसाच हातात."

मी विचारलं, मग हे का नाही लिहिलंस?

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, हे निबंधात चालतं का?"

तेव्हापासून झोप नीट नाही. मी निबंध द्यायचे बंद करू का? की हे माझं नुसतं हळवेपण आहे? अनुभवी लोकांनी बोला.

धुळेकर_क्लासवाला

ताई, वाचून मलाही कसंतरी झालं. पण मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

माझे क्लास आहेत, आठवी ते दहावी. पोरांचे आईबाप कुणी लूमवर, कुणी मार्केट यार्डात हमाल, कुणी रिक्षावाले. घरी अहिराणी. प्रमाण मराठी त्यांना फक्त वर्गात भेटते, तीही दिवसातून पस्तीस मिनिटं. डॉक्टरच्या पोराच्या घरी पेपर येतो, दिवाळी अंक येतात, आई रात्री गोष्ट वाचून दाखवते. त्याला नमुना कुणी वेगळा द्यावा लागत नाही, तो नमुन्यातच लोळतो. माझ्या पोराकडे तुमचे ते १५ निबंध म्हणजेच सगळं कपाट. तेही काढून घेतलं तर त्याने लिहायचं कशाच्या जोरावर?

दुसरं, मार्कांचं. दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे मराठीच्या प्रश्नपत्रिकेत, लेखनकौशल्याला ८ गुण आहेत. त्याच्या आधी पत्र, जाहिरात, बातमी, कथा हे सगळं धरलं की उपयोजित लेखन २४ वर जातं. ८० पैकी २४. हे पोरगं आयटीआयला जायचं की अकरावी सायन्सला, हे तीन-चार गुणांवर ठरतं. बोर्डाचा गठ्ठा संपवायला बसलेला माणूस त्याच्या केळीच्या वावरात रमणार नाही. तो सुरुवात बघतो, अक्षर बघतो, शेवट बघतो.

तुमच्या पोराचा अनुभव भारी आहे, मान्य. पण अनुभव सगळ्यांनाच असतात. तो मांडायची भाषा कुठून येणार? आकाशातून?

भरीतपार्टी

पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. पेन कुठल्या पत्त्यावर पाठवताय? :)

आमच्या वेळी 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' होतं. वर्गात ५२ छत्र्या होत्या आणि सगळ्या छत्र्यांचा पहिला मालक शेठजी, दुसरी मालकीण मोलकरीण आणि तिसरा मालक भिकारी. एका पोराने चुकून पान उलटलं आणि त्याची छत्री शेवटच्या परिच्छेदात शाळेची घंटा झाली. सरांना कळलं नाही, ७ गुण दिले.

हलके घ्या. वाचतोय.

तापीकाठ

खडूताई, धाग्याबद्दल आभार. मी ३४ वर्षं मराठी-इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, त्यातली बरीच अमळनेरला. तेव्हा थोडं लांबण लागलं तर चालवून घ्या.

'कित्ता गिरवणे' हा शब्द आपण आता टोमणा म्हणून वापरतो. पण कित्ता ही वाईट गोष्ट नव्हती. आमच्या आजोबांना वळणदार अक्षर समोर ठेवून तस्सं गिरवायला लावत. पण एक होतं, काही दिवसांनी कित्ता काढून घेत. पोरगं कोऱ्या कागदावर आलं की त्याचं स्वतःचं वळण निघायचं. आपण निबंधाचा कित्ता देतो आणि काढून घ्यायचा विसरतो. उलट परीक्षेत तोच दिसला की मार्क देतो.

नमुन्यावरून लिहायला शिकलेल्या एका बड्या माणसाची हकीकत सांगतो. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन. छापखान्यात काम करणारा पोरगा, शाळा अवघी दोन वर्षं. त्याच्या हाती 'स्पेक्टेटर' या लंडनच्या नियतकालिकाचा एक खंड लागला. त्यातले निबंध त्याला फार आवडले. त्याने काय केलं? प्रत्येक वाक्याचा आशय एक-दोन शब्दांत टिपून ठेवला, कागद काही दिवस बाजूला ठेवले, आणि मग मूळ न बघता त्या टिपणांवरून निबंध पुन्हा लिहून काढला. नंतर मूळ काढून शेजारी ठेवलं आणि आपलं कुठे फसलं ते पाहिलं. कधी टिपणं मुद्दाम विस्कटायचा आणि क्रम आपला आपण लावायचा, म्हणजे रचना समजावी. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. काही ठिकाणी आपण मुळापेक्षा बरं लिहिलं असंही त्याला वाटलं, आणि ते वाटून घेण्याची हिंमतही त्याच्यात होती.

बघा, नमुना तोच. पाठ केला असता तर तो छापखान्यातच राहिला असता. नमुना झाकून ठेवण्यात सगळी गंमत आहे.

मी हे वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर करून घ्यायचो. वर्गातली दहाएक पोरं मनापासून करायची, बाकीची खिडकीबाहेर बघायची. खोटं कशाला सांगू.

धुळेकर_क्लासवाला

सर, फ्रँकलिन एकच होता. माझ्याकडे एका बॅचला साठ पोरं आहेत.

केळीकुंज

बहिणाबाईंना कुणी निबंध उतरवून दिला होता का? आसोद्याची अक्षरशत्रू बाई. इथेच विषय संपतो. नमुने बंद करा सगळे.

तापीकाठ

केळीकुंज, इतक्या लवकर नाही संपत. बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं, खरं आहे. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने उतरवून घेतली. ती पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्या गेल्यावर. पण त्यांच्या कानात ओवी होती की. जात्यावरची, सणावाराची, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावरची. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेला तो साचा हाच त्यांचा नमुना. फरक एवढाच की साचा ओवीचा होता, आत घातलेलं धान्य त्यांचं स्वतःचं. आपण साच्यासकट धान्यही देतो, तेही कोकणातलं.

सातपुडा_पायथा

मी धडगावकडे आश्रमशाळेत आहे. वर्गात ३८ मुलं, घरी पावरी नाहीतर भिली. मराठी त्यांची दुसरी भाषा आहे, आणि इंग्रजी तर विचारूच नका. त्यामुळे क्लासवाले दादा म्हणतात त्यात मला तथ्य वाटतं. आमच्या मुलांना वाक्याचा नमुना दिलाच नाही तर ती गप्प बसतात. ती गप्प बसली की त्यांना काही येत नाही असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. बोट धरावंच लागतं.

पण एक किस्सा सांगतो. सहावीतल्या मुलीने 'माझी आई' लिहिलं. "माझी आई पहाटे उठते, सडा-रांगोळी करते, तुळशीला पाणी घालते, देवपूजा करून आम्हाला गरम गरम नाश्ता देते." एकही चूक नाही. आई कुठे? गुजरातेत, ऊसतोडीला. दिवाळीनंतर गेलेली, होळीला येणार. त्या मुलीने दिवाळीपासून न पाहिलेल्या आईबद्दल दुसऱ्याच बाईचं वर्णन लिहिलं, आणि आधीच्या गुरुजींनी खाली 'सुंदर' असा शेरा मारलेला. मी ती वही कितीतरी वेळ हातात धरून बसलो.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. चूक असेल तर सांगा. मुलं पावरीत सांगतात, मी फळ्यावर त्यांचंच वाक्य देवनागरीत जसंच्या तसं लिहितो. मोडकं, अर्धं, कसंही. मग सगळे मिळून त्याचं मराठी करतो. एक शब्द अडला की तिघं भांडतात. होळीवर असं केलं तेव्हा ढोलाच्या आवाजाला मराठीत काय म्हणायचं यावर अर्धा तास गेला, शेवटी पावरी शब्दच ठेवला. फळ्यावर शेवटी जे उभं राहतं ते दहा-बारा ओळींचंच असतं, पण तो आमचा नमुना. तो मुलं वहीत उतरवतात. नमुना बाहेरून आणण्यापेक्षा वर्गातच पिकवलेला बरा पडतो, एवढं कळलंय.

वेळ मात्र खूप जातो. पोर्शन मागे राहतो. त्यावर उपाय सापडलेला नाही.

जळगाव_बीएड

सगळ्यांचं वाचलं. मी भावी शिक्षकांना शिकवतो, त्यामुळे संशोधनाचं थोडं बोलतो. कंटाळा आला तर पुढची पोस्ट वाचा.

२००७ साली स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या दोघांनी चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनशिक्षणावरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. कुठल्या पद्धतीने लेखन किती सुधारतं याचे आकडे काढले. आकडा जितका मोठा तितका परिणाम मोठा. चांगले नमुने अभ्यासायला देणं याचा आकडा ०.२५. मसुदा कसा आखायचा, कसा तपासायचा, कसा दुरुस्त करायचा हे पायरीपायरीने उघड करून शिकवणं, ०.८२. सारांश करायला शिकवणं, तेही ०.८२. मुलांनी एकमेकांच्या सोबतीने लिहिणं, ०.७५. म्हणजे नमुना घातक नाही, पण नुसता नमुना फार पांगळा आहे. (व्याकरण वेगळं काढून शिकवण्याचा आकडा उणे ०.३२ निघाला होता. हे मी कॉलेजात मोठ्याने बोलत नाही.) अवांतर: आपल्या कृतिपत्रिकेत पत्राला पर्याय म्हणून सारांशलेखन असतं, आणि बहुतेक पोरं डोळे मिटून पत्र घेतात.

आता दुसरी बाजू. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं होतं की नवशिक्या मुलांना गणितं नुसती सोडवायला देण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं दिली तर ती लवकर शिकतात. डोक्यावरचा भार कमी होतो. क्लासवाले दादांचं म्हणणं हेच आहे आणि ते चुकीचं नाही. पुढे असंही दिसलं की तीच मुलं तयार झाली की सोडवलेली उदाहरणं त्यांना अडचणच होतात.

पण सोडवलेल्या गणितात पायऱ्या दिसतात. क्ष इकडे घेतला, चिन्ह बदललं, भाग दिला. गाईडमधल्या निबंधात पायऱ्या कुठे असतात? हे वाक्य आधी का आलं, काय खोडलं, कुठे अडलं, काहीच दिसत नाही. ते सोडवलेलं उदाहरण नव्हेच, ते मागच्या पानावरचं उत्तर आहे. ताई, तुम्ही १५ निबंध दिलेत म्हणजे १५ उत्तरं दिलीत. तुमच्या त्या मुलाने तुम्हाला प्रश्न विचारला तो गणिताच्या भाषेत असा: "मॅडम, माझ्या वावराचा आकडा क्षच्या जागी टाकला तर चालतो का?"

धुळेकर_क्लासवाला

'मागच्या पानावरचं उत्तर'. हे लागलं सर. खरंच लागलं.

तरी विचारतो. ४३ वह्या, प्रत्येकीचे दोन मसुदे, म्हणजे ८६. शिवाय मॅडमना दुसऱ्या तीन तुकड्या असतील. शिवाय निवडणुकीचं काम, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं. हे पायरीपायरीचं कुणी करायचं आणि कधी? अमेरिकेत वर्गात वीस पोरं असतील.

तापीकाठ

सगळ्या वह्या तपासायच्याच कशाला? मी निबंध पूर्ण लिहून घ्यायचोच नाही, एक परिच्छेद. तोही शेजाऱ्याने वाचायचा आणि खाली एकच प्रश्न लिहायचा, "इथे मला काय दिसलं नाही?" वर्गात फिरताना मी सहा-सात वाचायचो. पुढच्या वेळी दुसरे सहा-सात.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात होते तेव्हा, १९२८ मध्ये, त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिक काढलं. मास्तर स्वतः मुलांसाठी सतत लिहितोय हे मुलांनी पाहिलं. माझ्या मते मुलांसमोर ठेवायचा पहिला नमुना हाच, मास्तर लिहिताना दिसणं. तुमच्यापैकी किती मराठीच्या शिक्षकांनी गेल्या वर्षभरात स्वतः एक निबंध लिहिला? मीही नोकरीची पहिली दहा वर्षं लिहिला नव्हता, म्हणून विचारतोय.

शहाद्याची_आई

मी शिक्षिका नाही, आई आहे. मुलगा सातवीत.

तुम्ही द्या नाहीतर देऊ नका, आता निबंध मोबाइल देतो. परवा 'आमच्या गावची जत्रा' होता. पोराने फोनला सांगितलं, वीस सेकंदांत पानभर निबंध. आकाशपाळणे, फुगेवाले, गरमागरम भजी, भक्तांची अलोट गर्दी, सगळं. आम्ही राहतो सारंगखेड्यापासून हाकेच्या अंतरावर. दत्तजयंतीला यात्रा भरते आणि माणसं लांबलांबून येतात ती घोडे बघायला. पोरगा पाच वर्षांचा असल्यापासून बापाच्या खांद्यावर बसून घोड्यांचे दात बघतोय. निबंधात एक घोडा नाही. गाढव पण नाही.

मी म्हटलं, अरे घोडा कुठेय? तर म्हणे, मम्मी त्याने दिला नाही. बाईंनी 'छान' लिहिलं आणि पाचपैकी पाच.

मला तुमचं ते ०.८२ काही कळलं नाही भाऊ, पण घरी बसून आईने काय करायचं ते कुणी सांगेल का? मी स्वतः दहावी नापास आहे.

सातपुडा_पायथा

ताई, दहावीचा काही संबंध नाही. लिहायच्या आधी त्याला तुम्हाला सांगायला लावा. भाकरी थापताना ऐका. "घोडा कोणत्या रंगाचा होता? व्यापारी काय बोलला? सौदा रुमालाखाली बोटं धरून करतात का आता?" असं विचारत राहा. तो बोलेल त्यातली पाच वाक्यं त्यानेच लिहायची. फोनला नंतर विचारू दे हवं तर. मग विचारा, त्याने काय दिलं नाही?

शहाद्याची_आई

हे जमेल. भाकरी तर रोज थापतेच.

अभ्यासिका_खुर्ची_१४

जळगावात अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवा. इथे माझा किस्सा लागू पडतो म्हणून लिहितो.

आमची मुख्य परीक्षा २०१२ पासून बहुतेक गोळे काळे करण्याची होती. २०२५ पासून वर्णनात्मक होणार असं ठरलं, त्यात निबंधाचा पेपर २५० गुणांचा. आधी २०२३ पासूनच करणार होते, मग पुण्यात आंदोलन झालं आणि पुढे ढकललं. मी आंदोलनाच्या बाजूने होतो. कारण सरळ होतं, मला लिहिता येत नव्हतं.

घाबरून मी पास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका जमवायला लागलो. त्या पीडीएफ सगळीकडे फिरतात. साठेक निबंध वाचले, रंगीत पेनांनी खुणा केल्या, सुरुवातींची वेगळी वही, शेवटांची वेगळी वही. वाचताना एक विचित्र गोष्ट होते. प्रत्येक वाक्यावर वाटतं, अरे हे तर मलाही सुचलं असतं. सहा महिने मला वाटत होतं की माझी तयारी होतेय. मग टेस्ट सिरीजला पहिला निबंध आला, आणि पाऊण तास मी पेन धरून बसलो. समोरची साठ वाक्यं आपसांत भांडत होती, मी आधी मी आधी. माझं असं एकही नव्हतं.

आता उलटं करतो. आधी स्वतः तासभर लिहायचं, कितीही भिकार होवो. मग मित्र वाचतो. त्यानंतरच टॉपरचा निबंध उघडायचा. आणि तेव्हा तोच निबंध वेगळा दिसतो, आई शप्पथ. कारण आपण जिथे आपटलो तिथे त्याने वळण कसं घेतलं हे डोळ्यांना बरोबर सापडतं. आधी वाचला असता तर ते वळण दिसलंच नसतं, रस्ता सरळच वाटला असता.

जळगाव_बीएड

खुर्ची १४, हे मी पुढच्या वर्षी वर्गात वाचून दाखवणार. नावाशिवाय.

भरीतपार्टी

नाव आहेच कुठे, खुर्ची आहे.

केळीकुंज

माझं मत थोडं बदललं. पण बोर्डाने मार्क देण्याची रीत बदलल्याशिवाय हे सगळं हवेतलं आहे. प्रसंगलेखनाला चौकटीत कार्यक्रमपत्रिका देतात, 'तुम्ही उपस्थित होता असे समजून लिहा'. समजून! तिथपासूनच खोटं सुरू.

तापीकाठ

हे मात्र बरोबर बोललात.

खडू_डस्टर

धागा वर काढतेय. साडेतीन आठवडे झाले, म्हटलं काय केलं ते सांगावं. फार काही थोर झालेलं नाही.

फाईल कपाटात ठेवली. वर्गाला म्हटलं, या महिन्यात निबंध देणार नाही. विषय दिला 'नुकसान'. कुणाचंही, कशाचंही. पंचवीस मिनिटं, आठ ओळी बास. नऊ वह्या कोऱ्या आल्या. वर्गात पहिली येणारी मुलगी रडली, "सुरुवात कशी करू तेच सुचत नाही मॅडम." मागच्या चाचणीत तिला सगळ्यात जास्त गुण होते. तिच्या वडिलांचा रात्री फोन, "मॅडम, तुम्ही निबंध देत नाही म्हणे आजकाल?" आवाज सभ्य होता, पण मला उत्तर देताना घाम फुटला.

दुसऱ्या तासाला तापीकाठ सरांचं ऐकलं. मी स्वतः फळ्यावर लिहिलं, त्याच विषयावर, वर्गासमोर. भीती काय असते ते कळलं. पहिलं वाक्य तीनदा पुसलं. एका मुलाने मागून सल्ला दिला, "मॅडम, ते 'अतोनात' काढा ना." काढलं. खरंच बरं झालं. मग तीन नमुने वाचायला दिले: माझा खाडाखोडीचा, एक गाईडातला, आणि माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा. कुठला आवडला आणि का, एवढंच विचारलं. अर्ध्याहून जास्त मुलांना गाईडातलाच आवडला. "त्यात शब्द भारी आहेत." घ्या.

क्लासवाले दादा, तुमचं कपाटाचं म्हणणं मी विसरले नाही. वाचनासाठी दर शुक्रवारी एक पान वर्गात मोठ्याने वाचते आता. ते उतरवून घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. कानात ओवी जावी म्हणून.

आणि शेवटच्या बाकावरचा. त्याने अकरा ओळी लिहिल्या. पाटा होता, विटा होत्या, बापाच्या हातातला कप होता, आणि प्रार्थनेतली चक्कर येऊन पडलेली पोरं होती. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब होती. मी भारावले आणि सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. वर्ग एकदम चिडीचूप.

पुढच्या आठवड्यातल्या वह्या काल तपासल्या. विषय वेगळा, 'एक वाईट सकाळ'. चार वह्यांत काही ना काही "प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांसारखं चक्कर येऊन" पडलंय. एकाची भिंत पडली, एकाची ज्वारी, दोघांची केळी. त्या दोघांपैकी एकाकडे वावरच नाही, वडील एसटीत आहेत.

आज त्याला बोलावून त्या चार वह्या दाखवल्या. वाटलं, खूश होईल. त्याने ओळीवर बोट ठेवून चारही वाचल्या, कान लाल झाले. "मॅडम, हे माझं होतं."

म्हटलं, तू दुसरं लिही की मग.

"लिहितो," म्हणाला. जरा थांबून, "पण या वेळी वाचून नका दाखवू."